नौदल अधिकाऱ्याची जुनी तलवार: वय कुठून काढायचं, घडण कशी वाचायची आणि हात कुठे आवरायचा

तुम्ही दिलेलं वर्णन असं: किंचित वाकडं पातं, पांढरी खरखरीत मूठ आणि तिच्यावर पिवळ्या तारेचे वेढे, मागे सिंहाचं डोकं, परजेवर (मुठीपुढच्या, हात वाचवणाऱ्या धातूच्या भागावर) मुकुट आणि दोर गुरफटलेला नांगर, काळं चामडी म्यान. आणि प्रश्न तीन: ही किती जुनी, बनवली कशी, आणि मुठीचं पितळ घासून लख्ख करावं का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे वाचता वाचता कोणी ब्रासोची बाटली उघडणार नाही. घासू नका. ते नुसतं पितळ नाही. त्याच्यावर सोन्याचा मुलामा होता आणि खोलगट जागी तो बहुधा अजूनही आहे.

वर्णनावरून ही ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या अधिकाऱ्याची, 1827 च्या नमुन्याची तलवार. पण 1827 हा नमुना मंजूर झाल्याचा सन आहे, तलवार बनल्याचा नव्हे. गंमत अशी की मुठीचा हा घाट थोड्याफार फरकाने आजतागायत चालू आहे. म्हणजे एकच मूठ जवळजवळ दोनशे वर्षं, आणि तिच्यापुढे पाती मात्र तीन वेगवेगळ्या जातींची. त्यामुळे वय मुठीवरून काढायला गेलात की फसलात. आधी पातं वाचायचं, मग मुठीवरचा मुकुट, मग म्यान, आणि तिघांची साक्ष एकमेकांशी जुळते का ते बघायचं.

त्याआधीचं थोडक्यात. 1805 पर्यंत रॉयल नेव्हीत तलवारीचा ठरलेला नमुनाच नव्हता. ज्याला जी परवडेल आणि आवडेल ती तो लावी. त्या वर्षी पहिला नियम आला: सरळ पातं आणि रिकिबीच्या आकाराची, एकाच पट्टीची परज. कमांडर आणि त्यावरच्यांना हस्तिदंती मूठ आणि सिंहाचा माथा, म्हणजे मुठीच्या वरच्या टोकाचं बोंडूक; लेफ्टनंट आणि मिडशिपमनना काळी मूठ आणि साधा पायऱ्यापायऱ्यांचा माथा. दिसायला देखणी, पण एका पट्टीच्या परजेने बोटं वाचत नाहीत. 1827 मध्ये अर्ध्या टोपलीसारखी परज आली ती हाताच्या बचावासाठी.

या टोपलीत बघण्यासारखं पुष्कळ आहे. पायदळाच्या 1822 च्या अधिकारी-तलवारीची परज जाळीची होती, गॉथिक खिडकीसारख्या कमानी आणि मध्ये मोकळ्या जागा. नौदलाने तोच घाट घेतला पण मोकळ्या जागा भरून टाकल्या. म्हणून तुमच्या परजेवर पट्ट्या उठावदार दिसतात, पण त्यांच्यामधून उजेड दिसत नाही. पायदळाच्या जाळीदार परजेतून तलवारीचं टोक आत घुसे, अशी त्या काळी तक्रार होती. भरीव पत्र्यात तो धोका नाही. बाहेरच्या बाजूला लंबगोल चौकट, तिच्यात मुकुट आणि नांगर.

आतल्या बाजूला, म्हणजे तलवार कमरेला असताना अंगाकडे येणाऱ्या बाजूला, परजेचा एक तुकडा बिजागरीवर आहे. तो उघडा असताना हाताचं रक्षण करतो आणि तलवार म्यानात गेली की खाली पडतो, म्हणजे मूठ मांडीला सपाट लागते, कोटावर घासत नाही. त्या झडपेत एक छोटं भोक असतं. म्यानाच्या तोंडावर जी धातूची मोहनाळ आहे तिच्यावर एक बारीक खुंटी असते. झडप पाडली की भोक खुंटीवर बसतं आणि तलवार म्यानाबाहेर आपोआप सरकत नाही. डोलणाऱ्या जहाजावर, शिडी चढता-उतरताना ही सोय फार कामाची. तुमच्या तलवारीत भोक आणि खुंटी जर एकमेकांवर येत नसतील, तर म्यान दुसऱ्या तलवारीचं असण्याची शक्यता आहे, किंवा चामडं आटलं आहे. दोन्हींतला फरक पुढे सांगतो.

परज आणि सिंहाचं डोकं ओतीव पितळेचं. साच्यातून निघालेला तुकडा ओबडधोबड असतो. ओतण्याच्या नळीचं बोंड कापायचं, कानशीने कडा साफ करायच्या आणि मग छिन्नीने तपशील काढायचा. कारागीर किती मुरलेला होता ते सिंहावरून कळतं. भिंग घेऊन आयाळ बघा. चांगल्या कामात केसाची एकेक बट छिन्नीने वेगळी काढलेली असते, तिच्या तळाशी रेघ धारदार असते, आणि आयाळ माथ्यावरून मुठीच्या पाठपट्टीवर उतरत जाते. स्वस्त कामात साच्याने जेवढं दिलं तेवढंच ठेवलेलं असतं, बटा गोल आणि बोथट. तोच फरक नांगराच्या दोरात: प्रत्येक पीळ मोजता येतो की नुसती वळवळती पट्टी आहे? हल्लीच्या नकलांमध्ये खऱ्या तलवारीचा साचा काढून ओततात, त्यामुळे तपशील आणखी एक पायरी विरघळतो. शिवाय पितळ थिजताना आकसतं, म्हणून नक्कल मूळ तुकड्यापेक्षा किंचित लहान येते.

मुलाम्याच्या दोन रीती होत्या. जुनी म्हणजे पाऱ्याची. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो पितळेवर चोपडायचा आणि तापवायचा. पारा 357 अंशाला उकळून उडून जातो, सोनं पितळेला धरून राहतं. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने दाबून घोटलं की झळाळी येते. हा थर जाडसर आणि टिकाऊ. करणाऱ्याचे दात, हात आणि डोकं मात्र पाऱ्याच्या वाफेने कामातून जात. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि पुढे हीच रीत चालली. विजेचा थर सारखा बसतो पण पातळ असतो. आता अमोनिया आणि दळलेली वाळू असलेलं पितळ-पॉलिश याच्यावर फिरवलं तर काय होणार? उंच जागांवरचं सोनं दोन-चार घासण्यांत जातं, नांगर आणि सिंहाचं नाक उघडं पितळ होऊन चमकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं केवढी साफ झाली. अमोनियाचा दुसरा त्रासही आहे. ठोकून आकार दिलेल्या पातळ पितळेत ताण साठलेला असतो आणि अमोनियाच्या संगतीत ते आपोआप तडकतं. ब्रिटिशांच्या काडतुसांची पितळी कवचं घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेली असताना पावसाळ्यात अशीच तडकत. म्यानाच्या पातळ पत्र्याला हे विशेष लागू पडतं.

मूठ. आत लाकूड, त्याला आडव्या खाचा. खाचांवर पाकटाची कातडी. बाजारात तिला शार्कची कातडी म्हणून सांगतात, पण ते बारीक गोल, कडक दाणे पाकटाच्या पाठीवरचे असतात. कातडी पाण्यात भिजवून मऊ करायची, जनावराच्या सरसाने लाकडावर चिकटवायची आणि खाचांत दोरी आवळून वाळू द्यायची. वाळताना ती आकसते आणि लाकडाला घट्ट धरते. जोड मागच्या बाजूला येतो आणि त्याच्यावर पितळी पाठपट्टी बसते, म्हणून जोड कधी दिसत नाही. दिसला तर पाठपट्टी हललेली आहे. मग दोरी काढून त्याच खाचांत मुलाम्याची तार: बहुतेकदा मधे पिळाची जाड आणि दोन्ही अंगांना बारीक. तारेचं टोक लाकडातल्या भोकात खोचून पाठपट्टीखाली लपवलेलं असतं. राजाच्या सनदेवर नेमलेल्या (कमिशन्ड) नौदल अधिकाऱ्यांची कातडी पांढरी. त्यांच्याखालच्या वॉरंट अधिकाऱ्यांची काळी, आणि त्यांच्या माथ्यावर सिंह नाही, साधी टोपी. तेव्हा काळी मूठ दिसली म्हणजे कोणीतरी रंगवली असं लगेच ठरवू नका. खरी कातडी आणि प्लास्टिकची नक्कल ओळखायला दाणे बघा. कातडीवर दाण्यांचे आकार लहान-मोठे, मिसळलेले. साच्यातल्या नकलेवर तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते.

हे सगळं एकत्र बांधतं ते पात्याचं शेपूट, म्हणजे टँग. पात्याच्या खांद्यावर बहुधा चामड्याची पातळ चकती, मग परज, मग लाकडी मूठ, पाठपट्टी आणि माथा. शेपूट माथ्यातून वर निघतं आणि त्याचं टोक एका छोट्या बोंडावर ठोकून पसरवलेलं असतं. स्क्रू नाही, नट नाही. त्या काळच्या बऱ्याच पात्यांना शेपूट मऊ लोखंडाचं, भट्टीत जोडलेलं असे, कारण पोलाद ठोकताना तडकतं आणि लोखंड पसरतं. हा जोड नीट बसला नाही तर पुढे तिथेच तलवार तुटते. 1853 मध्ये चार्ल्स रीव्ह्ज यांनी यावर पेटंट काढलं: शेपूट मुठीइतकंच रुंद ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी मुठीचे तुकडे रिव्हेटने ठोकून बसवायचे. लंडनच्या तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीने ते वापरलं, पण नौदलाच्या तलवारीत ते क्वचितच भेटतं.

मूठ खुळखुळत असेल तर लोक हातोडी घेऊन माथ्यावरचं बोंड ठोकतात. हे करू नका. खुळखुळण्याचं कारण बोंड सैल होणं हे नसतंच. लाकूड वाळून आटलेलं असतं आणि खालची चामडी चकती कुजून गेलेली असते. ठोकल्याने आटलेलं लाकूड उभं चिरतं, सिंहाच्या डोक्याला भेग जाते, आणि बोंडावरचा मूळ मुलामा निघून तिथे ताज्या हातोडीची चकाकी येते. ती चकाकी पाहिली की जाणकार पहिला प्रश्न विचारतो: ही मूठ दुसऱ्या पात्यावर तर चढवली नाही ना? जुनी, मळकट, मुलाम्यासकट शाबूत बोंडी हा पातं-मूठ एकत्र जन्मल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. खुळखुळ सोसवत नसेल तर परज आणि पात्याचा खांदा यांच्यामध्ये, बाजूने चीर दिलेली चामडी चकती सरकवा. तलवार उघडावी लागत नाही आणि हवी तेव्हा चकती काढता येते.

आता पातं. 1827 च्या नमुन्यात पहिलं पातं पाइप-बॅक. पाठीवर लांबीभर गोल दांडी आणि तिच्याखाली एकदम पातळ होत गेलेलं पातं. टोकाशी ती दांडी निमुळती होत लेखणीच्या पिसासारखी संपते. खुपसायला ताठ, पण कापताना ती गोल पाठ आडवी येते, घाव खोल जात नाही. 1846 मध्ये नौदलाने हे सोडून विल्किन्सनचं पातं घेतलं, जे पायदळाने वर्षभर आधी घेतलं होतं: सपाट पाठ, दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ, आणि भाल्यासारखं टोक, ज्याच्या शेवटच्या भागाला दोन्हीकडून धार. लांबी साधारण 80 सेंटिमीटर, मुठीपाशी रुंदी 28 मिलिमीटरच्या आसपास. तिसरं पातं सरळ आणि अरुंद, ते 1929 नंतरचं. तुमचं पातं किंचित वाकडं आणि पन्हळीचं असेल तर ते 1846 ते 1929 या काळातलं. पाठ गोल दांडीची असेल तर त्याआधीच्या नमुन्याचं, पण एखादा हौशी अधिकारी नंतरही जुन्या घाटाचं पातं मागवी हे ध्यानात ठेवा. नियम एक आणि शिंप्याकडची मागणी दुसरी, असं अधिकाऱ्यांच्या तलवारींत नेहमीच चालायचं, कारण त्या सरकारी नसत. स्वतःच्या पैशाने विकत घ्याव्या लागत.

पन्हळ रक्त वाहून जावं म्हणून असते, ही समजूत सोडून द्या. पन्हळीने पोलाद कमी होतं, वजन उतरतं, पण पाठ आणि कडा जागच्या जागी राहिल्याने ताठपणा फारसा जात नाही. म्यानाशिवाय अशी तलवार पाऊण किलोच्या आगेमागे भरते. तोल परजेपासून चारेक बोटं ते वीतभराच्या आत पडतो. परजेच्या जितका जवळ, तितकं टोक चपळ.

चांगल्या पात्याचं पोलाद मुशीत वितळवलेलं असे. ही रीत शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात बसवली. कांब तापवून लांबवायची, शेपूट जोडायचं, पन्हळ पाडायची, मग पात्याला पाणी द्यायचं. लालभडक करून बुडवल्यावर पोलाद काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं; म्हणून पुन्हा तीनशेक अंशांपर्यंत तापवून त्याला निळ्या रंगावर आणायचं, म्हणजे ते वाकून परत सरळ येतं. बुडवताना पातं हमखास मुरडतं आणि निळं होत असतानाच ते सरळ करावं लागतं. हे काम अंगात मुरलेला माणूसच करू जाणे. त्यानंतर मोठ्या ओल्या दगडी चाकांवर घासकाम, शेवटी कुरुंदाच्या चाकांवर जिल्हई.

पाणी नीट बसलं की नाही ते ठोकून बघत. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने घोडदळाच्या तलवारींची परीक्षा घेतली. बर्मिंगहॅमच्या थॉमस गिलच्या 2,650 पैकी फक्त 4 नापास झाल्या, जर्मन 1,400 पैकी 28, आणि इतर इंग्रज कारखानदारांच्या 2,700 पैकी तब्बल 1,084. तेव्हापासून पात्यावर हमी लिहिण्याची चाल पडली. विल्किन्सनच्या पात्यात मुठीलगतच्या सपाट भागात पितळेची छोटी गोल चकती ठोकून बसवलेली असते आणि तिच्याभोवती दोन त्रिकोण एकमेकांत अडकवून केलेला सहा टोकांचा तारा. ही परीक्षा पास झाल्याची खूण. पण नुसता तारा पाहून विल्किन्सन म्हणू नका, दुसरेही कारखानदार तो वापरत. विल्किन्सनची ओळख म्हणजे पात्याच्या पाठीवर, अगदी परजेलगत असलेला क्रमांक. 1854 पासूनच्या त्यांच्या परीक्षेच्या वह्या टिकून आहेत, त्यामुळे क्रमांकावरून पात्याचं वर्ष काढता येतं. पोर्ट्समथच्या गीव्ह्जसारखं नाव दिसलं तर ते गणवेश पुरवणाऱ्या दुकानाचं. पातं त्यांनी दुसऱ्या कारखान्यातून घेतलेलं असतं.

पात्यावरची नक्षी छिन्नीने कोरलेली नाही, आम्लाने खाल्लेली आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी चिकट शाईने पातळ कागदावर छापायची, कागद पात्यावर दाबायचा, शाई पात्यावर उतरते. जे राखायचं ते डांबर-मेणाच्या लेपाने हाताने झाकायचं आणि उघड्या जागी नायट्रिक आम्ल. काही मिनिटांत काम होतं. खाल्लेली जागा मंद दिसते, झाकलेली जागा चकचकीत राहते. या खळग्यांची खोली केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. पॉलिश पेपरने पातं एकदा चमकवलं की मुकुट, नांगर, मालकाचं नाव सगळं सपाट होतं आणि ते पुन्हा आणता येत नाही.

वय काढायला या नक्षीतली राजा-राणीची आद्याक्षरं सगळ्यांत कामाची. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. ई आर आणि रोमन सात, एडवर्ड, 1910 पर्यंत. मग जी आर म्हणजे पाचवा जॉर्ज 1936 पर्यंत, सहावा जॉर्ज 1952 पर्यंत, त्यापुढे 2022 पर्यंत एलिझाबेथ. मुकुटाची कथा जरा फसवी आहे. 1901 ते 1952 या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या फुगीर. व्हिक्टोरियाच्या काळात आणि एलिझाबेथच्या काळात कमानींना मध्ये खोलगट झोल. म्हणजे झोलाचा मुकुट पाहून 'व्हिक्टोरियन' म्हणून विकलेली तलवार चक्क 1960 ची असू शकते. पात्यावरचं अक्षर आणि पात्याचा घाट बघितला की खोटं उघडं पडतं. मूठ फुगीर मुकुटाची आणि पात्यावर व्ही आर असेल तर? ते नेहमीच लबाडीचं नसतं. वडिलांचं पातं मुलाच्या नव्या मुठीत बसवून घेत, पण माथ्यावरचं बोंड तेव्हा बघायलाच हवं.

मालकाचं नाव किंवा कुळाचं चिन्ह पात्यावर असेल तर किंमत चढते, म्हणून नावं नंतरही कोरली जातात. भिंगाखाली असं ठिकाण शोधा जिथे अक्षर गंजाच्या खड्ड्यावरून जातं. खड्ड्याने अक्षराची कड खाल्ली असेल तर अक्षर आधीचं. अक्षराची रेघ खड्ड्याच्या आत उतरून तळाशीही सलग दिसत असेल तर आधी गंज आणि मग नाव. हा पुरावा खोडता येत नाही.

निळ्या-सोनेरी पात्याच्या तलवारी हा वेगळाच मामला. 1803 मध्ये लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात पेट्रिऑटिक फंड नावाचा निधी निघाला आणि 1809 पर्यंत पराक्रमाबद्दल 100, 50 आणि 30 पौंड किमतीच्या तलवारी वाटल्या गेल्या, बनवणारा लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचा रिचर्ड टीड. परजेवर हर्क्युलिसचा सोटा आणि त्याला विळखा घातलेला साप. निळा रंग म्हणजे रंग नव्हे, तापवून पोलादावर आणलेला ऑक्साइडचा पापुद्रा. तो पातळ इतका की रोजच्या फडक्यानेही झिजतो. अशा पात्याला कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही लावू नये.

म्यान काळ्या चामड्याचं, शिवण आतल्या अंगाला. धातूचे भाग तीन: तोंडाशी मोहनाळ, मधली पट्टी आणि टोकाशी तहनाळ. पहिल्या दोन्हींना कड्या, टांगण्यासाठी. ध्वजाधिकाऱ्यांच्या, म्हणजे अॅडमिरल दर्जाच्या, म्यानांच्या पितळेवर ओकच्या पानांचं काम असतं. चामडं वर्षानुवर्षं आटत जातं. तसं झालं असेल तर धातूच्या कडेपाशी चामड्याचा न उडालेला, जास्त काळा पट्टा उघडा पडलेला दिसतो आणि पातं शेवटचा सेंटिमीटरभर आत जात नाही. मघाशी भोक-खुंटीचा जो प्रश्न ठेवला होता त्याचं उत्तर हेच: पट्टा दिसला तर म्यान मूळचंच, आटलेलं, पट्टा नाही आणि वळणही जुळत नाही तर म्यान परकं. जोर लावून पातं बसवू नका, तहनाळीच्या वर चामडं मोडतं. बहुतेक मोडकी म्यानं तिथेच मोडलेली असतात.

आणि तलवार म्यानात ठेवूच नका. कमावलेल्या चामड्यात आम्लं असतात, ते दमट हवा धरून ठेवतं आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीच्या रेषेत गंज उमटतो. पातं वेगळं, म्यान वेगळं, दोन्ही आडवी. हवेतली आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. त्याहून फार कोरडी झाली तर मुठीचं लाकूड आणि चामडं आटतं, फार दमट झाली तर लोखंड गंजतं.

साफ करायचीच असेल तर पुढच्या क्रमाने करा, आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांतून तलवार निसटते. सुरुवातीला सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा.

पात्यावरचा गंज दोन जातींचा. काळा, गुळगुळीत, बोटाला न लागणारा डाग स्थिर असतो, तो राहू द्या. नारिंगी, भुकटी सोडणारा गंज जिवंत, तो काढायचा. पातं टर्पेंटाइनच्या बदली वापरतात त्या व्हाइट स्पिरिटने पुसा. गंजाच्या ठिपक्यांवर पातळ खनिज तेल लावून एक दिवस ठेवा. मग बांबूच्या किंवा तांब्याच्या कडेने हलकेच खरवडा; तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. चार शून्यांचं, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूल तेलात बुडवून वापरता येतं, पण फक्त नक्षीच्या बाहेर. नक्षीवर कापूस आणि तेल, बस. शेवटी अॅसिटोनने तेल पूर्ण काढा, पण ते मुठीपर्यंत पोचू देऊ नका, आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन अगदी पातळ हात द्या. लिंबू, व्हिनेगर, गंज विरघळवणारी तयार द्रावणं नकोत: ती नक्षीतल्या मंद पार्श्वभूमीला आणखी खातात आणि पातं करडं, मेलेलं दिसू लागतं.

मुठीच्या पितळाला लिटरभर शुद्ध पाण्यात दोन-तीन थेंब सौम्य साबण, कापसाच्या बोळ्याने, कातडीला पाणी न लागू देता. लगेच कोरडं करा. हिरवा कळंक लाकडी काडीने टोकरून काढा. काळवंडलेलं पितळ मधूनमधून दिसेल, ते तसंच राहू द्या. त्याच्या शेजारी उरलेलं सोनं आपोआप उठून दिसतं. पाकटाच्या कातडीला कोरडा ब्रश. तार सैल असेल तर ओढू नका, ती जुनी असते आणि खाचेतच तुटते.

म्यानाचं चामडं हाताला लालसर पावडर लावत असेल तर त्याला तेल किंवा बुटाचं पॉलिश लावायचं नाही. तो रोग आहे, तेलाने चामडं काळं आणि ठिसूळ होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक ते दोन टक्के हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज विरघळवून मऊ ब्रशने पातळ हात दिला तर भुकटी धरून राहते. मोडलेलं म्यान मात्र घरी जोडू नका. चिकटपट्टी आणि फेविकॉलने झालेलं नुकसान संग्रहालयातल्या माणसालाही निस्तरता येत नाही.

पुढे काही विचारायचं असेल तर पाच फोटो पाठवा: माथ्यावरचं बोंड वरून, पात्याची पाठ परजेलगत, पात्याच्या मुठीलगतच्या दोन्ही बाजू, परजेवरचा मुकुट जवळून, आणि तलवार म्यानात असताना मोहनाळीवरची खुंटी. पाठीवर चार-पाच आकडी क्रमांक दिसला तर तो गंजाखालून काढण्यासाठी खरवडू नका. मऊ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासलं तरी आकडे उमटतात.